परदेशी सरकारने शिष्यवृत्तीची फी थकवली तर विद्यापीठ ती वसूल कशी करतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरकारी शिष्यवृत्तीवर परदेशी गेलेले विद्यार्थी, त्यांचे पालक आणि परदेशी विद्यार्थ्यांची खाती सांभाळणारे विद्यापीठांतले लेखा कर्मचारी यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. उदाहरण मुख्यतः घाना सरकार आणि अमेरिकेतलं मेंफिस विद्यापीठ यांचं घेतलं आहे, कारण वसुलीतल्या बहुतेक अडचणी त्या एका प्रकरणात दिसतात.

मेंफिसमध्ये नेमकं काय झालं?

घानाचं स्कॉलरशिप्स सेक्रेटेरिएट हे १९६० मध्ये स्थापन झालेलं सरकारी कार्यालय देशातल्या विद्यार्थ्यांना सरकारी खर्चाने बाहेर शिकायला पाठवतं. टेनेसी राज्यातल्या मेंफिस विद्यापीठात असे १८० हून अधिक विद्यार्थी होते. फी आणि राहण्याचा खर्च मिळून थकबाकी सुमारे ३६ लाख डॉलरवर गेली. २०२५ च्या उन्हाळ्यात विद्यापीठाने पैसे भरण्यासाठी मुदत घातली. मुदतीत पैसे आले नसते तर विद्यार्थ्यांची नोंदणी, राहती जागा आणि त्यापाठोपाठ व्हिसा, तिन्हींवर पाणी सोडावं लागलं असतं. घाना सरकारने त्यातले १० लाख डॉलर भरले.

हिशेब मांडला तर १८० विद्यार्थ्यांमागे ३६ लाख म्हणजे माणशी २० हजार डॉलर. विद्यापीठाच्या दृष्टीने हे एका देशाचं एक खातं. विद्यार्थ्याच्या दृष्टीने ते त्याचं पुढचं सत्र. हा फरक पुढच्या प्रत्येक उत्तरात लक्षात ठेवायचा आहे.

हे मेंफिसपुरतं नाही. २०२५ मध्येच ब्रिटनमधल्या शंभराहून अधिक घानाच्या पीएच.डी. विद्यार्थ्यांनी थकलेल्या फी आणि भत्त्यासाठी थेट ब्रिटनच्या पंतप्रधान कार्यालयाकडे दाद मागितली.

सरकारला पैसे का देता येत नाहीत? मुळात ऐपत नसताना विद्यार्थी पाठवले का?

दर वेळी ऐपतीचा प्रश्न नसतो. सरकार शिष्यवृत्ती मंजूर करतं स्वतःच्या चलनात आणि बिल येतं डॉलर-पौंडात. २०२२ च्या सुरुवातीला एका डॉलरला साधारण ६ सेडी (घानाचं चलन) पडत. २०२४ संपताना तोच दर १४ सेडींच्या वर होता. ३६ लाख डॉलरसाठी आधीच्या दराने सुमारे २ कोटी १६ लाख सेडी लागले असते, नंतरच्या दराने ५ कोटींहून अधिक. अंदाजपत्रकातली तरतूद मात्र त्या पटीत वाढत नाही.

त्यातच डिसेंबर २०२२ मध्ये घानाने आपल्या बहुतेक परकीय कर्जांची परतफेड थांबवल्याचं जाहीर केलं. त्या महिन्यात महागाईचा दर ५४ टक्क्यांवर होता. मे २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा ३ अब्ज डॉलरचा कार्यक्रम सुरू झाला. परकीय चलन तुटपुंजं असलं की आधी इंधन, औषधं, वीज कंपन्या. फीची बिलं रांगेत मागे पडतात, कारण परदेशी विद्यापीठाची देशात मतं नसतात.

तिसरं कारण खास सरकारी: विद्यार्थी निवडणारं कार्यालय एक, पैसे सोडणारं खातं दुसरं. निवड करताना पुढच्या तीन-चार वर्षांच्या फीची तरतूद केलेलीच नसते. पीएच.डी. चार वर्षांची आणि अंदाजपत्रक एका वर्षाचं, हे गणित जुळवणारं कोणी नसेल तर तिसऱ्या वर्षी थकबाकी ठरलेली.

घाना एकटा नाही. इराकच्या कुर्दिस्तान प्रदेशाने २०१० मध्ये परदेशी शिक्षणाचा मोठा कार्यक्रम सुरू केला. २०१४ मध्ये बगदादच्या केंद्र सरकारकडून येणारा निधी थांबल्यावर त्याचे विद्यार्थी ठिकठिकाणी अडकले. २०११ मध्ये लिबियाची परदेशातली खाती गोठवली गेली. तिथे पैसे होते, पण ते काढायला परवानगी लागत होती.

बिल कायद्याने कोणाचं, सरकारचं की विद्यार्थ्याचं?

दोन कागद पाहा. पहिला, प्रवेश घेताना विद्यार्थ्याने मान्य केलेल्या अटी. बहुतेक विद्यापीठांच्या अटींत ‘प्रायोजकाने पैसे न भरल्यास अंतिम जबाबदारी विद्यार्थ्याची’ असं वाक्य असतं. ऑनलाइन नोंदणी करताना ‘मान्य’ वर टिचकी मारली की ते लागू होतं. दुसरा, सरकारने विद्यापीठाला दिलेलं हमीपत्र. त्यात सरकार कशाचे, किती आणि कधीपर्यंत पैसे देणार हे असतं.

पहिला कागद पक्का आणि दुसरा ढिसाळ, ही नेहमीची स्थिती. मग विद्यापीठाला विद्यार्थ्याकडे वळणं सोपं जातं. आमचं स्पष्ट मत आहे की ज्या विद्यापीठाने सरकारशी बोलणी करून शेकड्याने विद्यार्थी घेतले, त्याने आधी सरकारकडूनच वसुली करायला हवी. २२-२५ वर्षांच्या मुलाकडे २० हजार डॉलर नसतात हे प्रवेश देतानाच माहीत असतं.

हमीपत्रात काय असलंच पाहिजे?

विद्यार्थ्याचं पासपोर्टवरचं नाव आणि विद्यापीठाचा क्रमांक. अभ्यासक्रम, सुरुवात आणि शेवटची तारीख. फी, आरोग्य विमा, वसतिगृह, पुस्तकं, उन्हाळी सत्र यांपैकी काय समाविष्ट आणि काय नाही, हे एकेक लिहून. वर्षाची कमाल रक्कम आणि चलन. बिल कोणत्या कार्यालयाला, कोणत्या ईमेलवर पाठवायचं. बिल मिळाल्यापासून किती दिवसांत पैसे. आणि सही करणाऱ्याचा हुद्दा, म्हणजे त्याला सरकारतर्फे असं वचन देण्याचा अधिकार आहे का, हे तपासता येईल.

सगळ्यात जास्त घोटाळा शेवटच्या तारखेत होतो. पीएच.डी. चार वर्षांची धरून पत्र दिलेलं असतं आणि प्रबंध पाचव्या वर्षी पूर्ण होतो. पाचव्या वर्षाची बिलं जुन्या पत्रावर पाठवली जातात, ती परत येतात, आणि हे कोणाच्या लक्षात येईपर्यंत दोन सत्रं उलटतात. पत्राची मुदत संपण्याच्या सहा महिने आधी लेखा विभागाच्या यंत्रणेत आठवण लावून ठेवावी.

वसुलीची पहिली पायरी कोणती? कडक पत्र?

नाही. पहिली पायरी म्हणजे दोन्ही बाजूंचे हिशेब जुळवणं. ‘तुमच्याकडे ३६ लाख डॉलर येणं आहे’ असं पत्र अर्थ मंत्रालयात पोहोचलं की पहिला प्रश्न येतो, कोणाचे? त्याला उत्तर म्हणून दर विद्यार्थ्यामागे, दर सत्रामागे एक ओळ असलेली यादी लागते: विद्यार्थी क्रमांक, हमीपत्राचा क्रमांक व तारीख, सत्र, फी, विमा, राहण्याचा खर्च, बिलाचा क्रमांक, पाठवल्याची तारीख, आलेली रक्कम, उरलेली रक्कम. १८० विद्यार्थी आणि चार सत्रं म्हणजे ७२० ओळी. काम कंटाळवाणं आहे, पण यादीशिवाय सरकारी कारकून पैशाचा आदेश काढूच शकत नाही, कारण त्याला लेखापरीक्षकाला उत्तर द्यायचं असतं.

यादी झाली की रकमा तीन गटांत पाडा: सरकारला मान्य असलेल्या, सरकारने हरकत घेतलेल्या, आणि ज्यांच्यासाठी हमीपत्रच नाही अशा. मान्य रकमेची मागणी लगेच पुढे पाठवा. वादाच्या एक लाखासाठी निर्विवाद तीस लाख अडवून धरू नका. ही चूक फार वेळा होते. पूर्ण हिशेब जुळल्याशिवाय काही पाठवायचं नाही असं लेखा विभाग ठरवतो आणि सरकारचं आर्थिक वर्ष संपून जातं. घानाचं आर्थिक वर्ष जानेवारी ते डिसेंबर असतं. ऑक्टोबरपर्यंत मान्य यादी पोहोचली नाही तर त्या वर्षाच्या पैशांतून काही मिळेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

बिलं परत येतात किंवा पडून राहतात, त्याची कारणं काय?

हमीपत्रावर एक नाव आणि बिलावर दुसरं. घानात जन्माच्या वारावरून ठेवलेलं नाव आणि ख्रिस्ती नाव दोन्ही वापरतात, त्यामुळे क्रम उलटा होतो. हमीपत्रात समाविष्ट नसलेला खर्च, उदाहरणार्थ पार्किंगचा दंड किंवा जोडीदाराचा विमा, बिलात घातलेला असतो आणि त्या एका ओळीसाठी सगळं बिल थांबतं. विद्यार्थ्याने विषय सोडला तरी जुनंच बिल जातं, म्हणून विषय बदलण्याची मुदत संपल्यानंतरच सरकारला बिल पाठवावं. बँकेचा तपशील मध्येच बदलला तर सरकारी कार्यालय फसवणुकीच्या भीतीने पैसे रोखतं, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

अमेरिकेत आणखी एक अडथळा आहे. प्रायोजक सरकार पैसे सोडण्याआधी गुणपत्रक मागतं. पण १९७४ च्या विद्यार्थी गोपनीयता कायद्यानुसार, ज्याला तिथे ‘फेर्पा’ म्हणतात, विद्यापीठ विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय गुण कळवू शकत नाही. संमतीचा फॉर्म प्रवेशाच्या दिवशीच भरून घेतलेला नसेल तर १८० सह्या गोळा करण्यात सत्र निघून जातं.

बँकेच्या कपातीकडेही लक्ष असू द्या. समजा ९,८५० डॉलरचं बिल आहे. पैसे दोन मधल्या बँकांतून येतात आणि विद्यापीठात ९,८०५ जमा होतात. ४५ डॉलर बाकी दिसल्यामुळे यंत्रणा विद्यार्थ्याच्या खात्यावर आपोआप होल्ड लावते. पुढच्या सत्राची नोंदणी उघडत नाही आणि विद्यार्थ्याला कारणही कळत नाही. करारात ‘बँकेचा सगळा खर्च पाठवणाऱ्याचा’ असं लिहावं, आणि लहान फरकांवर होल्ड न लावण्याची मर्यादा यंत्रणेत ठरवून ठेवावी.

पाठपुरावा कोणाकडे करायचा, दूतावासाकडे की मंत्रालयाकडे?

दोघांकडे, पण वेगवेगळ्या कामासाठी. निर्णय राजधानीत होतो: शिष्यवृत्ती कार्यालय मागणी काढतं, अर्थ मंत्रालय निधी सोडतं, लेखा खातं आदेश काढतं, मध्यवर्ती बँक परकीय चलन देते. फाइल या चारपैकी कुठे आहे हे विचारणं हा पाठपुराव्याचा खरा अर्थ. ‘प्रक्रिया सुरू आहे’ हे उत्तर घेऊन थांबू नका. आदेशाचा क्रमांक आणि तारीख मागा. क्रमांक नसेल तर फाइल अजून पहिल्याच टेबलावर आहे.

दूतावासाचा उपयोग ओळख पटवायला, कागद पोहोचवायला आणि विद्यार्थ्यांना धीर द्यायला. दूतावासाच्या हातात फीसाठी स्वतंत्र पैसे क्वचितच असतात. कुलगुरूंचं पत्र राजदूतांना जावं, लेखा प्रमुखांचं शिष्यवृत्ती कार्यालयाच्या निबंधकांना. एकच पत्र सगळ्यांना पाठवलं की कोणीच उत्तर देत नाही.

घानात जानेवारी २०२५ मध्ये सरकार बदललं आणि नव्या सरकारने आधीच्या थकबाकीचं लेखापरीक्षण करून घेतलं. अशा वेळी विद्यापीठाचा दावा तपासणीच्या यादीत मुदतीत जाणं सगळ्यांत महत्त्वाचं. यादीत नसलेला दावा खोटा ठरत नाही, पण तो मागच्या दाराने आत न्यायला वर्षं लागतात.

अंशतः पैसे आले तर ते कोणाच्या खात्यात टाकायचे?

३६ लाखांच्या मागणीवर १० लाख येतात, सोबत यादी नसते. विद्यापीठाने सरसकट सगळ्यांत जुनी बिलं भागवली तर शिकून बाहेर पडलेल्यांची खाती मोकळी होतात आणि सध्या वर्गात बसलेल्यांवरचा होल्ड तसाच राहतो. विद्यार्थ्यांच्या नजरेतून हे उफराटं आहे. त्यामुळे पैसे येण्याआधीच सरकारशी लेखी ठरवावं: आधी अंतिम वर्षाचे, मग सध्या नोंदणीत असलेले, मग माजी विद्यार्थी. किंवा सगळ्यांना समप्रमाणात, म्हणजे या उदाहरणात प्रत्येकाच्या बाकीचे साधारण २८ टक्के. समप्रमाण दिसायला न्याय्य असतं, पण त्याने एकाही विद्यार्थ्याचं खातं मोकळं होत नाही. आम्ही पहिल्या पद्धतीच्या बाजूने आहोत.

एकरकमी पैसे आले की त्याच आठवड्यात वाटपाची यादी सरकारला परत पाठवा आणि पोच मागा. या पोचीचा उपयोग पुढे मुदतीच्या प्रश्नातही होतो.

थकबाकीसाठी विद्यार्थ्याची नोंदणी, गुणपत्रक किंवा पदवी रोखता येते का?

बऱ्याच ठिकाणी नियमांनुसार येते. ब्रिटनमध्ये २०१४ मध्ये तिथल्या ग्राहक व्यवहार यंत्रणेने असा इशारा दिला की वसतिगृहासारख्या शिक्षणाबाहेरच्या बाकीसाठी पदवी रोखणं ग्राहक कायद्याच्या विरोधात जाऊ शकतं. फीची बाकी हा वेगळा मुद्दा. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २०२० पासून आणि न्यूयॉर्कने २०२२ मध्ये बाकीपोटी गुणपत्रक रोखायला बंदी घातली. इतर राज्यांत नियम वेगवेगळे आहेत.

रोखून फायदा होतो का, हा वेगळा प्रश्न. गुणपत्रक अडवल्याने घानाच्या राजधानीतल्या, अक्राच्या, अर्थ मंत्रालयात पैसे तयार होत नाहीत. उलट विद्यार्थी नोकरीला लागत नाही, आणि सरकारला ‘विद्यार्थी पास झाल्याचा पुरावा नाही’ म्हणून पैसे थांबवायला नवं निमित्त मिळतं. होल्ड लावायचाच असेल तर नव्या प्रवेशांवर लावा: त्या देशाचे पुढचे विद्यार्थी सत्राचे पैसे आगाऊ आल्याशिवाय घ्यायचे नाहीत. हा दबाव सरकारवर पडतो, आधीच्या मुलांवर नाही.

नोंदणी रद्द झाली तर व्हिसाचं काय होतं?

अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरचा विद्यार्थी सत्रात नोंदणीकृत नसेल तर विद्यापीठाला ते ‘सेव्हिस’ या सरकारी यंत्रणेत कळवावं लागतं. अभ्यासक्रम पूर्ण केलेल्याला देश सोडायला ६० दिवस मिळतात. परवानगी घेऊन मध्येच सोडणाऱ्याला १५. नोंदणीच न केल्यामुळे दर्जा गमावला तर एकही दिवस नाही. म्हणून ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणत सत्र सुरू होऊ देऊ नका. त्याआधीच विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थी सल्लागाराला भेटा.

दोन वाटा विचारून पाहाव्यात. एक, दुसऱ्या विद्यापीठात बदली: बाकी आहे म्हणून सेव्हिसची नोंद अडवून धरता येत नाही. दोन, एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झालेलं असेल आणि हाताबाहेरच्या कारणाने आर्थिक अडचण आली असेल तर कॅम्पसबाहेर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करण्याची परवानगी मागता येते. अर्ज आय-७६५ या फॉर्मवर. प्रायोजकाने पैसे थांबवल्याचा लेखी पुरावा त्याला जोडा. दूतावासाचं दोन ओळींचं पत्रही उपयोगी पडतं.

ब्रिटनमध्ये विद्यार्थ्याला काढून टाकल्यावर विद्यापीठाने गृह खात्याला १० कामाच्या दिवसांत कळवायचं असतं. त्यानंतर व्हिसाची मुदत सहसा ६० दिवसांवर आणली जाते.

परदेशी सरकारवर खटला भरता येतो?

अमेरिकेत येतो, पण सरळ मार्गाने नाही. १९७६ च्या परदेशी राष्ट्र संरक्षण कायद्यानुसार परदेशी राष्ट्रावर तिथल्या न्यायालयात दावा चालत नाही, हा मूळ नियम. अपवाद दोन कामाचे: राष्ट्राने स्वतः संरक्षण सोडलं असेल, किंवा व्यवहार व्यापारी स्वरूपाचा असेल. १९९२ मध्ये अर्जेंटिनाच्या रोख्यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की व्यवहाराचा हेतू पाहायचा नाही, स्वरूप पाहायचं. सरकार म्हणेल, नागरिकांना शिष्यवृत्ती देणं हे आमचं सार्वभौम काम. विद्यापीठाचं उत्तर: शिष्यवृत्ती कोणाला द्यायची हे तुमचं सार्वभौम काम असेल, पण शिकवण्याच्या बदल्यात फी भरण्याचा करार कोणीही खाजगी माणूस करतो. त्या अपवादात बसण्यासाठी व्यवहाराचा अमेरिकेशी संबंध दाखवावा लागतो, म्हणून ‘पैसे मेंफिसमधल्या अमुक बँकेत जमा करायचे’ हे वाक्य करारात असणं मोलाचं.

नोटीस बजावण्याची पद्धत कायद्याने क्रमवार आखून दिली आहे. आधी करारात ठरलेली पद्धत. ती नसेल तर आंतरराष्ट्रीय करार. तोही नसेल तर न्यायालयाच्या कारकुनामार्फत परराष्ट्र मंत्र्यांना टपाल, गरज असल्यास भाषांतरासह. शेवटी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यामार्फत. क्रम चुकला की बजावणीच रद्द होऊ शकते. उत्तराला परदेशी राष्ट्राला ६० दिवस मिळतात. ते हजर झालं नाही तरी निकाल आपोआप लागत नाही, विद्यापीठाला न्यायालयाचं समाधान होईल असा पुरावा द्यावाच लागतो. इथे ती ७२० ओळींची यादी पुन्हा बाहेर काढावी लागते.

ब्रिटनमध्ये हे सोपं आहे का?

एका बाबतीत, हो. १९७८ च्या राष्ट्र संरक्षण कायद्यातल्या कलम ३ मध्ये वस्तू किंवा सेवा पुरवण्याचा कोणताही करार व्यापारी व्यवहार म्हणून नावानिशी दिलेला आहे, त्यामुळे स्वरूपाचा वाद घालावा लागत नाही. नोटीस मात्र परराष्ट्र कार्यालयामार्फतच जाते, आणि ती तिकडे पोहोचल्यावर दोन महिन्यांनी उत्तराची मुदत सुरू होते. लिबियाच्या प्रकरणात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं की देशात युद्ध चालू असलं तरी या पायरीला बगल देता येत नाही.

निकाल आपल्या बाजूने लागला की पैसे मिळतात का?

बहुतेक वेळा गाडी इथेच अडते. निकाल मिळवण्याचे नियम वेगळे आणि मालमत्तेवर टाच आणण्याचे वेगळे, आणि दुसरे जास्त कडक. दूतावासाची इमारत १९६१ च्या व्हिएन्ना करारानुसार अभेद्य. दूतावासाच्या खर्चाचं बँक खातं साधारणपणे सुरक्षित, ब्रिटनमध्ये १९८४ च्या कोलंबियाच्या खटल्यापासून हे पक्कं आहे. मध्यवर्ती बँकेच्या स्वतःच्या ठेवींना अमेरिकेत वेगळं संरक्षण. उरते व्यापारी वापरातली मालमत्ता, आणि शिष्यवृत्ती कार्यालयाची अशी मालमत्ता परदेशात नसतेच.

घानाला हे चांगलं ठाऊक आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये अर्जेंटिनाचं ‘लिबर्ताद’ हे नौदलाचं प्रशिक्षण जहाज घानाच्या तेमा बंदरात आलं होतं. अर्जेंटिनाकडून येणं असलेल्या एका गुंतवणूक कंपनीच्या अर्जावर घानाच्या न्यायालयाने ते अडवलं. डिसेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय सागरी न्यायाधिकरणाने ते सोडायचा आदेश दिला, कारण युद्धनौकेला संरक्षण असतं. अब्जावधी डॉलरच्या दाव्यासाठी अशी धावपळ परवडते. ३६ लाखांसाठी वकिलांचीच फी किती होईल याचा हिशेब आधी करा. म्हणून जाणकार विद्यापीठं खटल्याची धमकी जपून वापरतात आणि हप्त्यांच्या लेखी करारावर भर देतात.

हप्त्यांचा करार कसा असावा?

पहिल्याच परिच्छेदात एकूण रकमेची कबुली, यादीसह. हप्ते सरकारच्या तिमाही निधीच्या तारखांना धरून, विद्यापीठाच्या सत्रांना धरून नव्हे. चलन एकच. हप्ता चुकला तर काय, ते ठरलेलं. हप्ते वेळेवर असेपर्यंत कोणत्याही विद्यार्थ्यावर होल्ड नाही, हे स्पष्ट शब्दांत. आणि वाद झाल्यास कोणतं न्यायालय किंवा लवाद. व्याज माफ करायचं असेल तर शेवटच्या हप्त्यानंतर माफ करा, आधी नाही.

सरकार बदललं की जुनी बाकी बुडते?

नाही. देणं राष्ट्राचं असतं, मंत्रिमंडळाचं नाही. १९२३ मध्ये कोस्टा रिकाच्या तिनोको सरकारच्या प्रकरणात लवादाने हे तत्त्व मानलं. त्याच प्रकरणात एका बँकेचा दावा मात्र फेटाळला गेला, कारण पैसे सत्ताधाऱ्याच्या खाजगी वापरासाठी आहेत हे बँकेला कळायला हवं होतं. म्हणून हमीपत्रावर सही करणाऱ्याचा अधिकार तपासायचा आणि निवडीची कागदपत्रं जपायची. शिष्यवृत्त्या वशिल्याने दिल्याचे आरोप झाले तरी विद्यापीठाने प्रामाणिकपणे शिकवलं, हे कागदावर दिसायला हवं.

किती वर्षांत दावा करावा लागतो?

इंग्लंडमध्ये कराराच्या देण्यासाठी ६ वर्षं, भारतात सर्वसाधारणपणे ३ वर्षं. मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने लेखी कबुली दिली किंवा काही रक्कम भरली, तर मुदत नव्याने मोजली जाते. यासाठीच दर वर्षी ३१ डिसेंबरची शिल्लक कळवून सहीसह पोच घ्यायची. ‘नोंद घेतली’ असं उत्तर कबुली ठरेलच असं नाही. ‘अमुक रक्कम देय आहे’ असे शब्द हवेत.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठात परदेशी सरकारचे विद्यार्थी असतील तर?

दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८६ पाहा. केंद्र सरकारच्या लेखी संमतीशिवाय परदेशी राष्ट्रावर भारतात दावा दाखल करता येत नाही, आणि निकालाची अंमलबजावणी करायलाही वेगळी संमती लागते. संमती नाकारण्याआधी अर्जदाराला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. अर्ज करताना तीन वर्षांची मुदत डोळ्यांसमोर ठेवा. विद्यार्थी भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर असेल तर पैसे देणारं परदेशी सरकार नसून आपलीच संस्था असते. तेव्हा वसुलीचा मार्ग दिल्लीतून जातो, दूतावासातून नाही. पुण्यात दोन्ही प्रकारचे विद्यार्थी आहेत, म्हणून खात्यावर प्रायोजकाचा प्रकार वेगळा नोंदवा.

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर गेलेल्यांनी यातून काय घ्यावं?

तिथे प्रायोजक महाराष्ट्र सरकार असतं आणि परदेशी विद्यापीठासाठी ते ‘परदेशी सरकार’च. निवडीचं पत्र म्हणजे हमीपत्र नव्हे, हे आधी समजून घ्या. विद्यापीठाला रक्कम, कालावधी आणि बिलाचा पत्ता असलेलं पत्र लागतं, ते निघण्याआधी समाजकल्याण आयुक्तालयाकडून मिळवा आणि विद्यापीठाच्या प्रायोजित विद्यार्थी विभागाला पाठवून ‘स्वीकारलं’ असं उत्तर घ्या. दुसऱ्या वर्षासाठी पहिल्या वर्षाचं गुणपत्रक लागतं. ते निकालाच्या आठवड्यातच पाठवा. फीचा हप्ता लांबला तर विद्यापीठाला मुदतवाढ मागताना आयुक्तालयाचं पत्र जोडा, नुसता आपला ईमेल नको. विद्यापीठाने ‘वैयक्तिक हमी’चा कागद पुढे केला तर सही करण्याआधी रक्कम आणि तारीख वाचा. बऱ्याचदा फक्त पुढच्या सत्रापुरती हमी पुरते, तशी विनंती लेखी करा.

विद्यापीठाने रक्कम बुडीत खात्यात टाकली तर सरकार आणि विद्यार्थी मोकळे झाले का?

आपोआप नाही. रक्कम बुडीत खात्यात टाकणं ही विद्यापीठाच्या ताळेबंदातली नोंद आहे. कर्जमाफी हा वेगळा निर्णय, आणि तो लेखी कळवावा लागतो. विद्यार्थ्याने आपलं नाव असलेली ‘बाकी शून्य’ अशी खातेपत्रिका मागून जपून ठेवावी, कारण बुडीत खात्यात टाकलेली बाकी काही वर्षांनी वसुली एजन्सीकडे जाऊ शकते, आणि एजन्सी सरकारला पत्र लिहीत नाही, पत्ता सापडलेल्या विद्यार्थ्याला लिहिते.